वाड्यातलं छोटं संग्रहालय दिव्यांग पाहुण्यांसाठी खुलं करायचंय. पैसे थोडे आहेत, सुरुवात कुठून करू?

चौसोपी

नमस्कार मंडळी.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात ट्रस्टचं लहानसं संग्रहालय आहे, त्याचं काम बघतो. परिसरातून गोळा झालेल्या वस्तू आहेत: तांब्या-पितळेची भांडी, धान्याची मापं, अडकित्ते, समया, लामणदिवे, शेतीची अवजारं, मोडी कागद, शिवराया (तांब्याची जुनी नाणी), थोडी हत्यारं. चौकात काही वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, मांडलेत. तिकीट दहा रुपये, शाळांना फुकट. माणसं दोनच. तिकीट फाडणाऱ्या आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, आणि रविवारी येणारा कॉलेजचा एक मुलगा.

वाडा दुमजली. रस्त्याकडून चार दगडी पायऱ्या, मग दरवाजा आणि त्याचा वीतभर उंच उंबरा. आत चौक, भोवती सोपे म्हणजे ओसऱ्या. वरच्या दिवाणखान्यात जायला लाकडी जिना आहे, तो इतका उभा की मीसुद्धा दोर धरूनच चढतो.

मध्यंतरी अंध मुलांच्या एका निवासी शाळेची सहल आली. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून काचेच्या कपाटांसमोरून ओळीनं गेली, त्यांच्या सरांनी पाट्या वाचून दाखवल्या, चहा-बिस्किटं झाली आणि गाडी निघाली. निघताना एकानं विचारलं, "जातं आहे म्हणालात ना, ते कुठंय?" जातं त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. त्यावर पाटी होती, 'वस्तूंना हात लावू नये'. ती पाटी माझ्याच अक्षरातली.

आता गावचेच पण मुंबईत स्थायिक झालेले एक गृहस्थ तीन लाख रुपये द्यायला तयार आहेत. विश्वस्तांच्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. सगळ्या वस्तूंना ब्रेल पाट्या, पुढच्या पायऱ्यांवर सिमेंटचा रॅम्प (गवंडी म्हणतो, दोन दिवसांत करून देतो), आणि देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी. तिसऱ्या गोष्टीवर एकमत झालेलं आहे.

मला पहिल्या दोन्हींबद्दल शंका आहे, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. कुणी असं काम केलंय का? किंवा स्वतः पाहुणे म्हणून गेलेलं कुणी आहे का? मोकळेपणानं लिहा.

---

आडवाट

दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा डोळ्यांखालून घाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, स्नायूंचे आजार सगळं येतं. म्हणजे 'दिव्यांग' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काळा चष्मा आणि चाकाची खुर्ची एवढंच येतं, ते सोडायला हवं. कायद्यात न बसणाऱ्या गुडघेदुखीवाल्या आज्या तर तुमच्या पायऱ्यांपाशी रोज थांबत असतील.

बाकी जाणकार लिहितीलच. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

सहा ठिपके

सर, मी दृष्टिहीन आहे. सातवीत होते तेव्हा दिसायचं पूर्ण थांबलं. आता कोल्हापुरात बँकेत नोकरी करते. संग्रहालयं बघायची मला हौस आहे, घरचे त्याला खूळ म्हणतात. माझ्या नवऱ्याला उत्तम दिसतं आणि संग्रहालयात पाऊल टाकलं की त्याला जांभया सुरू होतात.

ब्रेल पाट्यांचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. मी स्वतः ब्रेल वाचते, रोज वाचते, म्हणून सांगते. साखरेनं किंवा काचबिंदूनं चाळिशी-पन्नाशीत नजर गेलेली माणसं सहसा ब्रेल शिकत नाहीत, त्यांचा सगळा भार कानांवर असतो. तुमच्याकडे आलेली शाळेतली मुलं वाचतील, पण त्यांनी पाटी शोधायची कशी? डोळसाला भिंतीवर पाटी दिसते, मग तो जवळ जातो. मला ती आहे हेच कळत नाही. अनोळखी भिंत चाचपत फिरायला मी काही पाल नाही.

शिवाय ब्रेलला जागा लागते. एका अक्षराला सहा ठिपक्यांचं एक घर, एका घरापासून दुसरं साधारण सहा मिलिमीटरवर. अक्षर बारीक करायची सोय नाही, बोटाला लागायला हवं ना. काना-वेलांटीला वेगळं घर, जोडाक्षरातल्या पाय मोडण्यालाही वेगळं. एक फुटी पाटीच्या ओळीत चाळीस-पंचेचाळीस घरं बसली तर खूप. तुमचा चार ओळींचा मजकूर पानभर होईल. मग कंत्राटदार काय करतो, नुसतं 'समई' एवढं लिहून मोकळा होतो. समई आहे हे कळलं, पुढं काय?

मी पाहिलेल्या ब्रेल पाट्यांची तऱ्हा ऐका. एके ठिकाणी ती कपाटात होती, काचेच्या आत. दुसरीकडे उलटी ठोकलेली. तिसरीकडे रंगाऱ्यानं भिंतीबरोबर पाटीवरही दोन हात मारले होते, सगळे ठिपके गुळगुळीत. तिन्हीकडे उद्घाटनाचे फोटो मात्र निघाले असणार.

त्यापेक्षा तिकिटाच्या टेबलावर जाड कागदाची एक ब्रेल पुस्तिका ठेवा. हातात घेऊन, बसून वाचता येते. मजकूर बदलला तर पान बदलता येतं. तोच मजकूर मोठ्या ठसठशीत अक्षरांत वेगळा छापा. कमी दिसणारी माणसं पूर्ण अंधांपेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि ती कुणाला काही सांगत नाहीत, गपचूप चष्मा पुसत बसतात. ब्रेल छापून घ्यायला एखाद्या अंधशाळेत किंवा नॅबच्या (अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या) जवळच्या शाखेत विचारा, आणि छापण्याआधी ब्रेल वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

आता खरं काम: हात लावू द्या.

तुमच्याकडे धान्याची मापं आहेत म्हणता, मग तुमच्यासारखे श्रीमंत तुम्हीच. चिपटं, मापटं, शेर, पायली ओळीनं एका बुटक्या टेबलावर ठेवा आणि शेजारी परातीत ज्वारी. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे कोष्टक आजीनं माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण पायली प्रत्यक्ष हातात आली ती मोठी झाल्यावर, एका ओळखीच्यांच्या माळ्यावर. चिपटं ओंजळीत मावतं, पायलीला दोन्ही हातांची कव लागते. चिपट्यानं भरत गेलं की सोळाव्याला ज्वारी पायलीच्या काठाशी येते, आणि मग तळहातानं शीग सपाट करायची. ते सगळं हाताला कळतं आणि पुन्हा विसरत नाही. हे टेबल नुसतं आमच्यासाठी राहणार नाही, लिहून देते. सहलीला आलेली डोळस पोरं आधी तिथंच झुंबड करतील. ज्वारी सांडेल. मावशींना आधी सांगून ठेवा.

वीरगळ. सर, चौकात वीरगळ उभा आहे आणि अंध मुलं कपाटांच्या काचा बघून परत गेली! वीरगळ खालून वर वाचतात ना, तसाच हातही खालून वर न्यायचा. खाली लढाई: ढाल, तलवार, बऱ्याचदा गुरंही असतात, कारण गुरं सोडवताना माणूस पडलेला असतो. मधे अप्सरा त्याला वर घेऊन जातात. सगळ्यात वर पिंडीपाशी हात जोडून बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एका देवळाच्या आवारात तिथल्या म्हाताऱ्या गुरवानं मला असा वीरगळ दाखवला. मी उकिडवी बसले, त्यानं माझं मनगट धरलं नाही, स्वतःचा हात दगडावर ठेवला आणि म्हणाला, "माझ्या हातावर हात ठेव बाई, मी न्येतो तिथं ये." आधी गाईची शिंगं लागली, मग तिची पाठ, मग एकदम एका माणसाचा पाय, आडवा पडलेला. तो थांबला आणि म्हणाला, "ह्यो मेलाय. आता वर चल." त्या गुरवाला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तुमच्या रविवारच्या मुलाला एवढं जमलं तरी अर्धे पैसे वाचले. वीरगळाशेजारी एक तिवई ठेवा, खालचा भाग बसल्याशिवाय नीट हाताला येत नाही.

सांगताना 'अतिशय सुंदर कोरीवकाम आहे' असलं काही सांगू नका, त्यातून काहीच मिळत नाही. वस्तू किती मोठी, कशाची, कुठून सुरू होते, कुठं मोडलीय, ते सांगा. रंगही सांगा. मी रंग पाहिलेले आहेत, आणि जन्मापासून न दिसणाऱ्यांनाही रंगांबद्दल ऐकायचं असतं.

क्यूआर कोड लावायचं कुणीतरी सुचवेलच. लावा, पण तो कुठं आहे हे मला कळायला त्याच्याभोवती उंच कडा हवी आणि तो सगळीकडे एकाच जागी हवा, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात म्हणजे उजव्याच. आवाज तुमचाच भरा सर, भाड्याचा नको. दुपारी घरात पंखा बंद करून मोबाइलवर बोललात तरी चालेल. वस्तूला एक मिनिट पुरे.

आणि एक कळकळीची विनंती, डीटीपीवाल्याकडून मजकूर घेताना युनिकोडमध्ये घ्या. जुन्या फॉन्टातला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की आम्हाला मजकूर वाचून दाखवणारा मोबाइल 'एफ एक्स डॉलर कंस' असा मंत्र म्हणायला लागतो. व्हॉट्सॲपवर नुसतं रंगीत पोस्टर टाकू नका. माझ्या फोनच्या लेखी तो 'फोटो' असतो, बाकी काही नाही. खाली दोन ओळी टाइप करत जा.

मावशींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण दारात त्याच असणार. मी नवऱ्याबरोबर गेले की दारातली माणसं त्याला विचारतात, "यांना काय बघायचंय?" मावशींना एवढंच सांगा, जो आलाय त्याच्याशीच बोलायचं. आपण कोण ते आधी सांगायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, विचारून कोपर पुढं करायचं. आणि सोडून जाताना 'मी जाते हं' म्हणायचं. नाहीतर आम्ही रिकाम्या हवेशी गप्पा मारत बसतो.

---

चौसोपी

सहा ठिपके, तुमचा प्रतिसाद मी छापून बैठकीत वाचून दाखवला. रंगाऱ्याच्या प्रसंगाला सगळे हसले, हात लावू देण्याच्या मुद्द्याला एकदम शांतता. एक विश्वस्त म्हणाले, "आज आंधळ्यांना दिलं, उद्या सगळे मागतील." दुसऱ्यांना भीती आहे की हाताळून वस्तू झिजतील. कॉटनचे हातमोजे द्यावेत का? आणि नेमक्या कुठल्या वस्तू काढाव्यात?

---

कोठीघर

संग्रहालयाच्या कोठीत आणि प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे ह्यात बोलायचा हक्क घेतो.

विश्वस्तांची भीती अगदीच पोकळ नाही. हाताच्या घामात मीठ असतं, तेल असतं, धातूवर त्याचे डाग पडतात. पण सगळ्या वस्तूंना एका मापानं मोजू नका. दगड, जाडजूड पितळ, बिनरंगाचं सागवान, जातं, पाटा, उखळ, नांगराचा फाळ ह्यांना पाहुण्यांचा हात काय करणार? ह्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्याच आहेत. मोडी कागद, कापड, हस्तिदंत, रंगवलेलं किंवा लाखेचं लाकूड, चांदी आणि दुर्मीळ नाणी मात्र कुणालाच हाताळू देऊ नका, विश्वस्तांनाही नाही. नाणी दाखवताना त्यांनाच हाताळायची हौस फार असते, हा माझा अनुभव.

कॉटनचे हातमोजे नकोत. स्पर्शातलं सगळं बारीक जातं आणि गुळगुळीत वस्तू निसटते. हात साबणानं धुऊन कोरडे करायचे, अंगठ्या-बांगड्या-घड्याळ काढायचं, हाताला क्रीम नको. बस. वस्तू खाली जाड कापड घातलेल्या टेबलावर ठेवायची, म्हणजे उचलली तरी वीतभरच उचलली जाईल.

तुमच्याकडे अडकित्ते एकापेक्षा जास्त असणार, समयाही. त्यातली एकेक 'हाताळणी संग्रह' म्हणून नोंदवहीत वेगळी काढा, बैठकीत ठराव करून. दरवर्षी त्याच कोनातून फोटो काढून ठेवा, म्हणजे झीज होते की नाही हा वाद फोटोवर मिटेल. लोखंडाला पातळ मेणाचा हात द्या. आणि पाहुणे येणार म्हणून पितळ चिंच-राखेनं घासून लखलखीत करू नका. हातांनी दहा वर्षांत होणार नाही एवढी झीज एका दिवाळीच्या घासण्यानं होते. अडकित्त्याची धार तेवढी बोथट करून घ्या किंवा पातं बांधून ठेवा.

ज्या वस्तू देता येणार नाहीत त्यांच्या प्रतिकृती करा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं दालन झालं, तिथं मूळ वस्तूंच्या स्पर्श करण्याजोग्या प्रतिकृती आहेत. इटलीत आंकोना शहरी तर ओमेरो नावाचं सबंध संग्रहालयच हातानं बघायचं आहे. एका अंध जोडप्याच्या कल्पनेतून उभं राहिलं. दोघांना फिरायची आवड, आणि जातील तिथं 'हात लावू नका'. विश्वस्तांना ही गोष्ट सांगून बघा. तुम्हाला एवढं मोठं काही नको, गावातला कुंभार आणि सुतार पुरेत. शिवराईची थाळीएवढी मोठी प्रतिकृती भाजक्या मातीत करून घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', अक्षरं उठावाची. खऱ्या नाण्यावरची झिजलेली अक्षरं डोळसांनाही कुठं लागतात!

---

तीनचाकी

चौसोपी, तो गवंडी काम सुरू करायच्या आत हे वाचा.

मला लहानपणी पोलिओ झाला. चाकाच्या खुर्चीवर फिरतो, बाहेरगावी स्कूटरला जोडचाकं. पोटापाण्याला बांधकामाची इस्टिमेटं करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

रॅम्पचा उतार एकास बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या चार पायऱ्या सहा-सहा इंची धरल्या तर उंची साठ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प सात मीटर वीस सेंटिमीटर. वर-खाली खुर्ची वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. रुंदी किमान एक मीटर वीस, दोन्ही कडांना कठडा आणि चाक घसरू नये म्हणून खाली उंच काठ. एकूण दहा मीटरच्या वर गेलं. तुमच्या वाड्यापुढे रस्ता सोडून एवढी जागा आहे? नसणार. गवंडी दोन दिवसांत जे करून देणार आहे ते पायऱ्यांच्याच लांबीत सिमेंट ओतणं. सव्वा मीटरमध्ये साठ सेंटिमीटर चढ. ती घसरगुंडी होते. खुर्ची मागे उलटते, आणि ढकलणारा खाली सापडतो. असले रॅम्प मी ढिगानं पाहिलेत. त्यांवर लोक मोटारसायकली चढवतात, तेवढाच उपयोग.

मला सांगा, वाड्याला मागचं दार आहे का? जुन्या वाड्यांना परसात बैलगाडी येईल एवढं फाटक असतं आणि ते बहुतेक जमिनीबरोबर असतं. आधी ते मोजा. दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर असली की मी आत आलो.

---

चौसोपी

आहे! मागे गल्लीत फाटक आहे, दोन मीटरच्या वर रुंद, आणि चढ फक्त एका पायरीचा. पण तिथं सरपणाचा ढीग आणि एका विश्वस्तांची स्कूटर असते. मी विषय काढला तर उत्तर मिळालं, "पाहुण्यांना काय परसदारातून आणायचं? चांगलं दिसत नाही."

---

तीनचाकी

विश्वस्तांचं बरोबर आहे, फक्त मला मागून आणि बाकीच्यांना पुढून आणलंत तर चांगलं दिसणार नाही. मी हॉटेलात भटारखान्यातून, कार्यालयात आचाऱ्याच्या दारानं पुष्कळदा गेलोय. सगळ्यांनाच गल्लीतून आणा. तिकिटाचं टेबल तिकडं हलवा, फाटकाला रंग द्या, पाटी लावा, तेच मुख्य दार. पुढचा दरवाजा उघडा ठेवा फोटो काढायला, लोकांना तोच हवा असतो. एका पायरीला सहा इंच धरले तर एक मीटर ऐंशीचा रॅम्प. आता गवंड्याला बोलवा, दोन दिवसांत होईल. स्कूटर हलवणं अवघड जाईल, ते तुमचं तुम्ही बघा.

चौकात फरशी कसली आहे? पॉलिश केलेली नको, पावसाळ्यात सगळेच आपटतात. खडबडीत शहाबादी उत्तम. खडी अंथरली असेल तर काढा, खडीत चाक रुततं. कपाटांच्या मधून मोकळी वाट ठेवा, आणि एका कोपऱ्यात तरी दीड मीटरचा गोल सोडा, म्हणजे मला मागे मागे येत बाहेर पडावं लागणार नाही. टेबलांखाली गुडघे जाऊ द्या. सपाट काचेच्या पेट्या छातीएवढ्या उंच असतात, खुर्चीवरून मला त्यातली फक्त काच दिसते आणि काचेत छताचा बल्ब.

वरच्या दिवाणखान्याचं: लिफ्ट तुमच्या पैशात आणि त्या वाड्यात होणार नाही, सोडून द्या. वरचा व्हिडिओ करून खाली टीव्हीवर लावतात, मी तो कधी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. त्यापेक्षा वरच्या चांगल्या वस्तू खाली आणा आणि दर काही महिन्यांनी बदला. गुडघेवाल्या आज्यांचाही प्रश्न सुटला (आडवाट, तुम्ही म्हणालात त्या).

संडास. ह्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाहेर उघडणारं दार, कमोड, धरायला दोन दांडे, आणि आत बादल्या-झाडू न ठेवणं. शेवटचं सगळ्यात कठीण. आमच्यासाठी बांधलेल्या संडासाचं सहा महिन्यांत गोदाम होतं. संडास नसेल तर मी सकाळपासून पाणी पीत नाही आणि तासाभरात निघतो, तुमचं संग्रहालय कितीही छान असो.

---

सांकेतिक

मूकबधिर मुलांना शिकवते. थोडंच लिहिते.

ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांसाठी पाट्या आहेतच की, असं सगळ्यांना वाटतं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पुष्कळ मुलांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी नंतर शिकलेली. 'सदर वस्तू उत्तर पेशवाईतील असून तिचा विनियोग...' ह्या वाक्यापाशी माझी मुलं थांबतात. खरं सांगायचं तर ऐकू येणारी मुलंही थांबतात. छोटी वाक्यं लिहा: ही समई आहे. पितळेची आहे. पेशव्यांच्या काळातली आहे.

माहिती देताना चौकाकडे पाठ करून उभं राहू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत. आणि बोलताना वस्तूकडे बोट दाखवून पुढं पळू नका. आमची मुलं एका वेळी एकतर दुभाष्याचे हात बघतील नाहीतर वस्तू. आधी सांगा, मग गप्प राहा, त्यांना बघू द्या, त्यांनी पुन्हा तुमच्याकडे पाहिलं की पुढचं. हे गप्प राहणं गाइड लोकांना फार जड जातं.

खुणांचे व्हिडिओ करायचे तर बहिऱ्या व्यक्तीकडूनच करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथं दुभाषे तयार होतात, चौकशी करता येईल. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा दहा हजारांहून जास्त शब्दांचा कोश आहे, पण त्यात 'लामणदिवा' मिळेल ह्या भरवशावर राहू नका. तो चित्र दाखवून आणि लटकणारा दिवा हातानं करूनच सांगावा लागेल.

---

चौसोपी

सगळ्यांचे आभार. कालच्या बैठकीचा वृत्तांत देतो. मागचं फाटक मंजूर. स्कूटरचे मालक अनुपस्थित होते, त्यामुळे लवकर मंजूर झालं. हाताळणी संग्रहाचा ठराव झाला, बारा वस्तू आणि चारही वीरगळ. ज्वारी मावशींच्या घरची. संडासाचा अंदाज काढायला सांगितलाय, बहुतेक अर्धे पैसे त्यातच जातील, आणि देणगीदारांना आपलं नाव संडासाला लागलेलं चालेल का हे विचारायचं काम माझ्याकडे आलंय.

सहा ठिपके, पुस्तिकेचा मजकूर मी लिहायला घेतलाय. तुम्ही एकदा येऊन वस्तू बघाल का? आणि आल्यावर काय काय दाखवू?

---

सहा ठिपके

येते की. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, त्यातला एखादा सांगा. मजकूर आधी पाठवा, व्हॉट्सॲपवर टाइप करून, फोटो नको. एसटीनंच येईन, तेव्हा स्टँडवरून वाड्यापर्यंत कसं यायचं ते मला आताच लिहून द्या: किती वळणं, गटार कुठं उघडं आहे, कुठल्या दुकानाचा वास येतो. तोच मजकूर पुढं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आणि वेबसाइटवर घालता येईल, त्यामुळे नीट लिहा.

दाखवायचं म्हणाल तर तुम्ही काही दाखवू नका. त्या रविवारच्या मुलाला शनिवारी बोलवा आणि त्यालाच दाखवू दे. मी मधे मधे टोकेन, त्याला आधी सांगून ठेवा. मावशीही हव्यात. आणि त्या अंधशाळेतल्या दोन-तीन मुलांना बोलावता आलं तर बघा. मला बरं-वाईट वाटेल ते मी भिडेपोटी गोड करून सांगेन, मुलं तसं करत नाहीत.

नवरा बरोबर येईल. त्याला गल्लीत चहाची टपरी कुठं आहे तेवढं सांगा, म्हणजे तो आपल्या मधे येणार नाही.